वकिलातीच्या खालच्या मजल्यावरून: एका निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्याच्या लेखनाचा प्रकरण अभ्यास

परराष्ट्र सेवेतील अधिकारी निवृत्तीनंतर लिहू लागला, की त्याच्या पुस्तकात काय असणार हे वाचकाने आधीच ठरवलेले असते. शिखर परिषदेच्या बंद दाराआड काय बोलणे झाले, कोणता पंतप्रधान कोणाशी कसा वागला, संकटाच्या आदल्या रात्री कोणत्या तारा गेल्या, हे त्याला वाचायचे असते आणि प्रकाशकालाही तेच हवे असते. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेले, तीन दशकांहून अधिक काळ भारतीय परराष्ट्र सेवेत राहिलेले आणि साठाव्या वर्षी निवृत्त होऊन गावी परतलेले एक अधिकारी लिहायला बसले, तेव्हा त्यांनीही याच अपेक्षेला धरून एक जाडजूड हस्तलिखित तयार केले. ते छापले गेले नाही. त्याच्या जागी काही वर्षांनी मराठी कथांचे एक लहान पुस्तक निघाले आणि त्यात एकही शिखर परिषद नाही. हे कसे घडले, कोणत्या टप्प्यावर कोणते पर्याय समोर होते आणि त्यांतला कोणता का निवडला गेला, याची ही नोंद आहे.

महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मी हस्तलिखिते वाचून देण्याचे काम करतो आणि या प्रकरणाशी माझा संबंध त्या नात्याने आला. अधिकाऱ्यांचे नाव आणि त्यांनी काम केलेल्या बहुतेक देशांची नावे त्यांच्या इच्छेनुसार येथे दिलेली नाहीत. हा मजकूर त्यांनी वाचला आहे. काही ठिकाणी त्यांचे मत माझ्याहून वेगळे आहे आणि ते वेगळेपण मी तसेच राहू दिले आहे.

पार्श्वभूमी

साखर पेठ, भद्रावती पेठ, पाच्छा पेठ या भागाला सोलापुरात नुसते ‘पूर्व भाग’ म्हणतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दख्खनी आणि बाजारात अक्कलकोटकडून व विजापूरकडून येणाऱ्यांची कन्नड, अशा चार भाषा येथील मुलाच्या कानावर पडतात आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. अधिकाऱ्यांचे वडील यंत्रमागावर चादरी विणत, आई विड्या वळत असे. शिक्षण मराठी माध्यमात झाले. 1979 पासून नागरी सेवा परीक्षेची रचना बदलली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमधून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. जिल्ह्याच्या गावातून, इंग्रजी शाळेचे तोंड न पाहता, केंद्रीय सेवेत गेलेल्या ज्या पहिल्या पिढीला या बदलाचा लाभ झाला, त्या पिढीतले ते आहेत. सेवेत शिरल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकी भाषा शिकावी लागते. त्यांच्या वाट्याला रशियन आली आणि पहिली नेमणूक मॉस्कोला झाली.

पुढची कारकीर्द नेहमीच्या क्रमाने गेली: साधारण तीन वर्षे एका देशात, मग दुसऱ्या, मध्ये दिल्लीत मंत्रालयातील मेज, तृतीय सचिवापासून समुपदेशकापर्यंत आणि अखेरीस एका लहान देशात राजदूतपद. या क्रमात एका आखाती देशातील दूतावासात, नव्वदच्या दशकात, त्यांना कॉन्सुलर आणि कामगार विभाग सांभाळावा लागला. सेवेत या कामाला फारसा मान नाही. राजकीय विभाग वरच्या मजल्यावर बसतो, त्याच्या तारा मंत्र्यांपर्यंत जातात. कॉन्सुलर विभाग खालच्या मजल्यावर, खिडकीपाशी, रांगेसमोर असतो. पासपोर्ट हरवलेले, मालकाने पगार अडवलेले, तुरुंगात अडकलेले आणि मेलेले, या सगळ्यांची कागदपत्रे तेथून जातात. अधिकाऱ्यांनी आपल्या पहिल्या हस्तलिखितात या वर्षांना आठ पाने दिली होती, आणि एकूण पाने चारशेच्या आसपास होती.

पहिले हस्तलिखित

ते इंग्रजीत होते. दिल्लीतील एका प्रकाशकाने ते बरेच महिने ठेवून सौजन्याने परत केले. त्यानंतर त्यांनी स्वतःच त्याचे मराठी केले आणि ती प्रत माझ्याकडे आली.

वाचताना पहिल्याच पन्नास पानांत लक्षात येणारी गोष्ट अशी, की या चारशे पानांत ‘मी’ जवळजवळ नाही. ‘भेट झाली’, ‘भूमिका मांडण्यात आली’, ‘चर्चा सौहार्दाच्या वातावरणात पार पडली’, अशी वाक्ये एकामागून एक येतात आणि ती बोलणारा माणूस कोठे बसला होता, त्याला भूक लागली होती की भीती वाटत होती, हे कळत नाही. हे लेखनाचे कच्चेपण नव्हते. उलट तीस वर्षांच्या पक्क्या सवयीचे ते फळ होते. राजनैतिक पत्रव्यवहाराचा सर्वांत रूढ प्रकार म्हणजे एका दूतावासाने यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाला पाठवायची टिप्पणी. ती तृतीयपुरुषी असते. भारताचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयास आपले अभिवादन सादर करतो आणि अमुक विषय निदर्शनास आणण्याचा बहुमान घेतो, असा तिचा साचा आहे. तिच्यावर पूर्ण सही नसते, आद्याक्षरे आणि शिक्का असतो. लिहिणारा माणूस तीत दिसता कामा नये, हाच त्या साच्याचा हेतू असतो, आणि तो योग्यही आहे, कारण तेथे देश बोलत असतो. भेटींचे वृत्तांत, मासिक राजकीय अहवाल, सांकेतिक तारा यांचेही तसेच. तारेत शब्द तोलून वापरायचे, विशेषण टाळायचे, आपले मत शेवटी स्वतंत्र परिच्छेदात आणि तेही सावधपणे द्यायचे. या शिस्तीत तरबेज झालेला माणूस निवृत्तीनंतर आत्मकथन लिहायला बसतो तेव्हा त्याच्या हातून अहवाल उतरतो. अनुभव भरपूर आहे, आता फक्त लिहायचे बाकी आहे, असे अशा लोकांना सांगितले जाते. या प्रकरणात मला दिसले ते असे, की ज्या हाताने लिहायचे तो हात आधीच दुसऱ्या कामासाठी घडवला गेला होता.

दुसरी अडचण गोपनीयतेची होती, आणि तिच्याबद्दल बाहेर फार गैरसमज असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमातील कलम 5 सेवेत असलेल्यांना जसे लागू आहे तसेच सेवा सोडलेल्यांनाही लागू आहे आणि त्याला काळाची मर्यादा नाही. केंद्रीय निवृत्तिवेतन नियमांनुसार निवृत्तिवेतन पुढील सद्वर्तनावर अवलंबून असते आणि या कलमाखालील माहिती उघड करणे हे गंभीर गैरवर्तन मानले जाते. 2021 च्या मे महिन्यात हे नियम आणखी कडक झाले. परंतु पूर्वपरवानगीवाचून लिहू नये हे बंधन गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून, म्हणजे माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील संस्थांतून, निवृत्त झालेल्यांसाठी आहे. परराष्ट्र मंत्रालय त्या यादीत नाही. म्हणजे आमच्या अधिकाऱ्यांना सरसकट परवानगीची गरज नव्हती. काय गुपित आहे आणि काय नाही याचा निवाडा मात्र त्यांचा त्यांनीच करायचा होता. प्रामाणिक माणसाच्या बाबतीत हा निवाडा नेहमी एकाच बाजूला झुकतो. शंका आली की ते वाक्य गेले. अभिलेखांचे नियम पंचवीस वर्षांहून जुन्या कागदपत्रांची रवानगी राष्ट्रीय अभिलेखागारात व्हावी असे सांगतात आणि तेथे पोहोचलेल्या संचिका संशोधक वाचतातही. तरी आपण स्वतः लिहिलेली टिप्पणी अभिलेखागारात उघड झाली आहे किंवा नाही हे न पाहता त्यांनी ती आठवणीतूनही वगळली. परिणाम असा, की मुत्सद्देगिरीवरील प्रकरणांत बैठकीची खोली, मेजाचा आकार, जेवणाची यादी आणि पाहुण्यांचा पोशाख एवढेच उरले. गुपित काढून टाकल्यावर जे शिल्लक राहिले ते कोणत्याही शिष्टाचार विभागाने लिहिले असते.

आठ पाने

सोलापुरात आमचे एक छोटे वाचक मंडळ आहे. त्यात बँकेतून निवृत्त झालेले, शाळेत शिकवणारे, वस्त्रोद्योग कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालवलेले एक कार्यकर्ते, असे लोक महिन्यातून एकदा जमतात आणि कोणीतरी लिहिलेले मोठ्याने वाचले जाते. अधिकाऱ्यांनी तेथे मॉस्कोतील प्रकरण वाचले. 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला तो काळ त्यात होता. विषय मोठा होता आणि श्रोते आदराने ऐकत होते, पण कोणी काही विचारले नाही. पुढच्या वेळी, वेळ उरला म्हणून, त्यांनी आखातातील ती आठ पाने वाचली. त्यांत एका मृत्यूचा उल्लेख सात-आठ ओळींत होता. वाचन संपल्यावर शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, “पण त्याच्या आईला कोणी सांगितलं?” अधिकारी म्हणाले, “मीच.” मग पुढचा तासभर ते बोलत होते, आणि त्या चारशे पानांत कोठेही नसलेला माणूस आमच्यासमोर बसला होता.

प्रसंग असा. तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातला एक तरुण बांधकामाच्या ठिकाणी मजूर होता. तो रात्री खोलीत झोपला आणि सकाळी उठला नाही. अशा मृत्यूनंतर दूतावासाचे काम ठरलेले असते: स्थानिक रुग्णालयाचा मृत्यू दाखला, पोलिसांचा अहवाल, मालकाचे ना-हरकत पत्र, पासपोर्ट रद्द करणे, मृतदेह पाठवायचा की तेथेच अंत्यविधी करायचा याबद्दल कुटुंबाची लेखी संमती, मृतदेह टिकवण्याची प्रक्रिया आणि मग विमानाच्या मालवाहू विभागात जागा. मालकाच्या सहीवाचून तेव्हा काहीच हलत नसे, कारण त्या देशातील कामगाराच्या वास्तव्याचा जामीन तोच असे, आणि थकलेल्या पगाराचा हिशेब लागेपर्यंत सही लांबवणे मालकाच्या सोयीचे असे. संकटग्रस्त भारतीयांसाठी असलेला समुदाय कल्याण निधी 2009 मध्ये सुरू झाला. त्याआधी मालकाने हात वर केले की अशा खर्चासाठी स्थानिक भारतीय मंडळांच्या वर्गणीचा मोठा आधार घ्यावा लागे. मृतदेह शवागारात कित्येक आठवडे राहिला.

कुटुंबाकडे फोन नव्हता. गावातल्या एसटीडी बूथवर आईला बोलावून घ्यायचे, ठरलेल्या वेळी पुन्हा फोन करायचा, असा तो व्यवहार. दूतावासात तेलुगू बोलणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून अधिकारी स्वतः बोलत. त्यांची तेलुगू सोलापूरची, मराठी मिसळलेली. तिकडून बोलणाऱ्यांना ती ऐकताच हा आपल्यातलाच कोणी गाव सोडून गेलेला आहे हे कळे, आणि त्यामुळे ज्या गोष्टी ‘साहेबा’ला कोणी सांगितल्या नसत्या त्या त्यांना सांगितल्या जात. त्या बाईंनी पहिल्याच फोनवर नुकसानभरपाईबद्दल विचारले नाही. रात्री तो जेवून झोपला होता का, हे विचारले. अधिकाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी कामगारांच्या छावणीत जाऊन, त्याच्या खोलीत राहणाऱ्यांना विचारून, त्यांनी ते शोधून काढले आणि पुन्हा फोन केला. दूतावासाच्या संचिकेत या चौकशीसाठी रकाना नसतो, त्यामुळे ती तेथे नोंदली गेली नाही. आणि संचिकेच्या शिस्तीने लिहिलेल्या आत्मकथनातही ती आली नाही.

मंडळातील ती बैठक या प्रकरणाचा कलाटणीचा क्षण होता, असे म्हणणे सोपे आहे, पण घडले ते इतके सुटसुटीत नव्हते. अधिकाऱ्यांना आपण जे बोललो ते लिहिण्याजोगे आहे हे अजिबात पटलेले नव्हते. “हे तर रोजचं काम होतं,” असे ते पुढे कित्येक दिवस म्हणत राहिले. मोठी कामे आपण वेगळी केली, असा त्यांचा खरा समज होता, आणि सेवेच्या मोजपट्टीने तो बरोबरही होता.

पर्याय

त्यांच्यासमोर चार वाटा होत्या. इंग्रजी आत्मकथन दुरुस्त करून दुसऱ्या प्रकाशकाकडे न्यावे, ही पहिली. या वाटेने गेलेल्यांची परंपरा मोठी आहे: स्वतंत्र भारताचे पहिले परराष्ट्र सचिव के. पी. एस. मेनन यांनी साठच्या दशकात आपले आत्मकथन लिहिले, औंधचे राजपुत्र आणि पुढे अनेक देशांत भारताचे प्रतिनिधी राहिलेले अप्पासाहेब पंत यांनी सत्तरच्या दशकात. अलीकडे, जानेवारी 2020 मध्ये परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त झालेले विजय गोखले यांनी 2021 आणि 2022 या दोन वर्षांत चीनविषयी तीन पुस्तके प्रसिद्ध केली. ही सर्व इंग्रजीत आहेत, आणि त्यांचे बळ लेखकाने भूषवलेल्या पदात किंवा एका विषयाच्या दीर्घ अभ्यासात आहे. आमच्या अधिकाऱ्यांकडे असे सर्वोच्च पद नव्हते आणि एका देशाचा तसा अभ्यासही नव्हता. दुसरी वाट मौखिक इतिहासाची. निवृत्त राजदूतांच्या मुलाखती घेऊन त्या परराष्ट्र धोरणाच्या नियतकालिकात छापण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती उपयुक्त आहे, पण धोरणापुरती. तिसरी वाट मराठी आत्मकथनाची. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे यांनी परराष्ट्र सेवेत असतानाच मराठीतून स्वतःची वाटचाल लिहिली आणि तिला मोठा वाचकवर्ग मिळाला, हे अधिकाऱ्यांना माहीत होते. पण खेड्यातून जगात गेलेल्या तरुणाची ती कहाणी आपण सत्तरीजवळ पुन्हा सांगण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ते मला रास्त वाटले.

चौथी वाट कथेची. तिच्याबद्दल मी बोललो तेव्हा त्यांनी विकास स्वरूप यांचे नाव घेतले. स्वरूप यांनी लंडनमधील नेमणुकीच्या काळात लिहिलेली पहिली कादंबरी 2005 मध्ये आली आणि तिच्यावरून 2008 चा गाजलेला चित्रपट झाला. तशी कल्पकता आपल्यात नाही, असे अधिकारी म्हणाले. मला त्यांच्यासमोर दुसरे उदाहरण ठेवायचे होते, ते इवो आंद्रिच यांचे. आंद्रिच 1939 ते 1941 या काळात बर्लिनमध्ये युगोस्लाव्हियाचे राजदूत होते. त्यांच्याइतक्या जवळून तो काळ पाहिलेले लेखक थोडेच असतील. 1941 च्या एप्रिलमध्ये जर्मनीने युगोस्लाव्हियावर हल्ला केल्यावर ते बेलग्रेडला परतले, जर्मनव्याप्त शहरातील एका घरात जवळपास अज्ञातवासात राहून लिहीत राहिले, जर्मनांच्या ताब्याच्या काळात काही छापायला त्यांनी नकार दिला, आणि 1945 मध्ये त्यांच्या तीन कादंबऱ्या एकदम बाहेर आल्या. 1961 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्या कादंबऱ्यांतील एकही बर्लिनच्या राजदूताची नाही. दोन त्यांच्या मायभूमीच्या, बोस्नियाच्या इतिहासात शिरतात, आणि त्यांतली एक तर त्रावनिक या आडगावी, नेपोलियनच्या काळात, नेमल्या गेलेल्या फ्रेंच आणि ऑस्ट्रियन वकिलांची, म्हणजे कॉन्सलांची, आहे. ज्याने जगाच्या राजधानीत काम केले त्याने लिहायला आपल्या जन्मगावाजवळची, विस्मृतीत गेलेली वकिलात निवडली. हे ऐकून अधिकारी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी ग्रंथालयातून ती कादंबरी इंग्रजीत मिळवून वाचली आणि तिच्यातल्या दुभाष्यांबद्दल माझ्याशी वाद घातला, तेव्हा वाट ठरली असे मी समजलो.

सोलापूरकरांना यात नवल वाटू नये. छत्तीस वर्षे वनखात्यात काढून जंगलाचे लेखक झालेले मारुती चितमपल्ली याच गावचे. 2006 मध्ये सोलापुरात भरलेल्या एकोणऐंशीव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी येथेच काढली. सरकारी नोकरी लेखनाला मारते हे गृहीतक त्यांच्यापाशी लटके पडते. फरक एवढाच, की वनाधिकाऱ्याला रानात एकटे राहता येते आणि जे पाहिले ते कोणाचे गुपित नसते.

कथा लिहिताना

येथे एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. कायद्याची भीती कॉन्सुलर मजकुराला जवळजवळ लागूच नव्हती. कामगाराच्या मृत्यूत राष्ट्राचे गुपित काही नसते. पण त्यात माणसांचे खासगी आयुष्य असते, आणि तेथे कोणताही नियम अधिकाऱ्यांच्या मदतीला येत नव्हता. त्या मजुराच्या आई कदाचित हयात असतील. त्यांचा प्रश्न, त्यांचे रडणे, मागाहून त्या घरात पैशांवरून झालेले भांडण, हे सांगण्याचा हक्क फोनच्या या टोकाला बसलेल्या सरकारी माणसाला कोणी दिला? राष्ट्राच्या गुपितांबाबत इतका काटेकोर असलेला हा माणूस गरिबांच्या गुपितांबाबत तितकाच काटेकोर राहिला, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोलाची बाब हीच आहे. अनेक लेखक येथेच घसरतात. गरीब माणूस तक्रार करायला येणार नाही हे त्यांना ठाऊक असते.

त्यांनी आधी गावे आणि नावे बदलून पाहिली. मेदकचे करीमनगर केले, मजुराचा वाहनचालक केला. कथा उभी राहीना, कारण बदललेल्या गावाची त्यांना काही माहिती नव्हती. मग त्यांनी आई सोलापूरला आणली. तेलंगणातल्या त्या भागातील बायकाही विड्या वळतात आणि पूर्व भागातल्याही वळतात, एवढा दुवा पुरला. आता त्यांना विडी कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा मोजून घेण्याची पद्धत, वळलेल्या विड्या परत देताना खराब म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या विड्यांवरून होणारी हुज्जत, सुपात पाने कापताना मांडी कशी घालतात, हे सगळे लिहावे लागले, आणि ते त्यांनी जन्मापासून पाहिले होते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ज्या कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत राहतात, मसुदा ऐकून हजार विड्यांच्या मजुरीचा त्या वर्षीचा आकडा चुकल्याचे सांगितले. परराष्ट्र मंत्रालयात कोणी त्यांच्या मसुद्यात अशी दुरुस्ती केली असेल असे मला वाटत नाही.

मृतदेह मुंबईला उतरवून रस्त्याने हैदराबादच्या दिशेने नेला जाई, आणि ती वाट पुण्याहून सोलापूरवरून जाते. कथेत रुग्णवाहिकेचा चालक पहाटे चहाला थांबतो आणि पेटी कोठे न्यायची त्याचा पत्ता चहावाल्याला विचारतो. हा भाग पूर्ण कल्पित आहे, तरी मला तो पुस्तकातील सर्वोत्तम वाटतो.

जुन्या सवयीतली एक गोष्ट मात्र कामाला आली. भेटीत वही न काढता सगळे लक्षात ठेवायचे आणि परतताना गाडीत बसून शब्दशः टिपायचे, हे राजनैतिक अधिकाऱ्याचे रोजचे कौशल्य असते. त्यामुळे त्यांच्या कथांतील संवाद विलक्षण खरे आहेत. कोणी वाक्य अर्धवट सोडते, कोणी विचारलेल्या प्रश्नाऐवजी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देते, मालकाचा कारकून सौजन्याने बोलत बोलत नकार देतो. वर्णने मात्र अजून अहवालाच्या वळणाची आहेत. ‘परिस्थिती समाधानकारक नव्हती’ हे वाक्य मी तीन कथांतून खोडले आणि चौथ्या कथेत त्यांच्या आग्रहामुळे राहू दिले, कारण तेथे ते एका अधिकाऱ्याच्या तोंडी आहे.

मराठीतच लिहायचे हा निर्णय त्यांनी कोणाशी चर्चा न करता घेतला. त्यांची लिखित मराठी सत्तरच्या दशकातील महाविद्यालयात थांबलेली होती. ती थोडी जुनी वाटते, तिच्यात हल्लीचे इंग्रजी वळण नाही, आणि हा लाभच झाला असे मी म्हणेन. पहिली कथा जिल्ह्यातील एका दिवाळी अंकाने घेतली. मानधन मिळाले नाही, अंकाच्या दोन प्रती मिळाल्या. मराठी दिवाळी अंकांनी 1909 पासून नव्या लेखकाला जे दार उघडे ठेवले आहे ते उतारवयातील नव्या लेखकालाही उघडे आहे, एवढे त्यावरून दिसले. संग्रह पुढे एका लहान प्रकाशकाने काढला. हल्ली अशा पुस्तकाची पहिली आवृत्ती पाचशे ते हजार प्रतींची असते, तशीच ती आहे.

परिणाम आणि मतभेद

पुस्तकाचा गाजावाजा झाला नाही. दिल्लीतील त्यांच्या समकालीन सहकाऱ्यांपैकी मराठी वाचणारे थोडे. ज्यांनी वाचले त्यांनी सेवेचे चित्र फार खालून रंगवले आहे अशी तक्रार केली. सोलापुरातील प्रतिक्रिया अधिक महत्त्वाची होती. आमच्या मंडळातील कामगार कार्यकर्ते प्रकाशनानंतरच्या बैठकीत सरळ म्हणाले, “साहेब, तुम्ही दूतावासाला फार सांभाळून घेतलंय.” त्यांचा मुद्दा नेमका होता. 1983 च्या उत्प्रवासन अधिनियमाने परदेशी जाणाऱ्या अल्पशिक्षित कामगाराच्या संरक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मग मालकाने आठवड्यांमागून आठवडे सही अडवली तेव्हा शासनाने काय केले, हा प्रश्न एकाही कथेत कोणी विचारत नाही. अधिकारी म्हणाले, “सांभाळून घेतलं नाही. मी मेजाच्या त्या बाजूला बसलो होतो, ते लपवलं नाही, एवढंच.” कार्यकर्त्यांचे समाधान झाले नाही आणि माझेही पूर्ण झालेले नाही. दोन कथांत शेवटी दूतावासाच्या असहायतेचे समर्थन येते आणि तेथे कथा संपून खुलासा सुरू होतो. त्या दोन कथा मी संग्रहातून काढायला सांगितले होते. त्यांनी काढल्या नाहीत. त्यांच्या मते तीच वस्तुस्थिती आहे आणि वाचकाला ती गैरसोयीची वाटत असेल तर वाटू द्यावी.

पुस्तकात स्त्रिया कमी आहेत. ज्या आहेत त्या सगळ्या आया आहेत. आखातातील घरकामगार बायकांची प्रकरणे त्यांनी हाताळलेली आहेत, पण त्यांवर लिहिण्याइतकी माहिती आपल्याला नाही असे ते म्हणतात. माहिती नक्कीच असावी. धीर होत नसावा, असा माझा तर्क आहे.

सध्या ते ज्यावर काम करत आहेत तो विषय व्यापाराचा आहे. एका नेमणुकीत वाणिज्य विभाग त्यांच्याकडे होता आणि सोलापुरी टेरी टॉवेलच्या एका मालाबद्दल परदेशी खरेदीदाराची तक्रार त्यांच्या मेजावर आली होती: चौरस मीटरमागे ठरलेल्या वजनापेक्षा कापड हलके भरले आणि पहिल्याच धुण्यात रंग गेला. दूतावासाने भारतीय निर्यातदाराची बाजू घ्यायची असते. टॉवेल हातात घेतल्यावर तक्रार खरी आहे हे मात्र विणकराच्या मुलाला बोटांनी कळले होते. मला ही कथा वाटते. त्यांना ती कथा करायची नाही. वजनाचे आकडे, करारातील अटी, दोन्ही बाजूंची पत्रे यांसह सरळ वृत्तांत लिहायचा आहे, कारण कल्पित केले तर गावातला प्रत्येक कारखानदार ती दुसऱ्याची गोष्ट आहे असे म्हणून मोकळा होईल, असे त्यांचे म्हणणे आहे. पहिला मसुदा तृतीयपुरुषात आहे. निर्यातदाराची ओळख कितपत झाकायची यावर आमचे अजून एकमत झालेले नाही आणि पुढच्या बैठकीत तो मसुदा मंडळासमोर वाचला जाणार आहे.